फोन कोणताही घ्या, पण लग्नसराईत बाजू बदलू नका

ताई, नवा फोन अँड्रॉइड घ्यावा की आयफोन, ही तुमची अडचण वाचली आणि माझाच जुना ताप आठवला. पाच वर्षांचा अँड्रॉइड आता दमलाय, पुण्याचा भाऊ म्हणतो आयफोन घे, घरचे म्हणतात सॅमसंगच बरा. केकच्या ऑर्डरी, ॲडव्हान्स, डिझाइनचे फोटो, सगळं व्हॉट्सॲपवर. सिम दोन, एक घरचं आणि एक धंद्याचं. यातलं शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण खरा प्रश्न तिथेच आहे. कॅमेरा आणि प्रोसेसरच्या वादात मी पडत नाही. तुमच्या बजेटमध्ये दोन्हीकडचे कॅमेरे केकच्या फोटोंना पुरून उरतील.

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलो तेव्हा एप्रिल होता. जुन्या फोनचा चार्जिंगचा पोर्ट इतका ढिला झाला होता की वायर बोटाने दाबून धरली तरच चार्ज व्हायचा, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबायची सोय नव्हती. नवा फोन चांगला निघाला, आजही तोच वापरतो. डोकं फिरलं ते फोनमुळे नाही, ऑफिसांमुळे.

झालं असं. आपल्याकडे मिळणाऱ्या आयफोनमध्ये सिमचा खण एकच असतो, दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या न दिसणाऱ्या सिमवर टाकावा लागतो. (आयफोन एअरमध्ये तर तो एक खणही नाही, सगळं ई-सिमच.) जुन्या फोनमध्ये दोन सिमं निवांत बसलेली असतात, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. दुकानदार म्हणतो, "करून घ्या ना काका, पाच मिनिटांचं काम." मी मोबाइल कंपनीच्या काउंटरवर गेलो. कंपनीचं नाव घेत नाही. तिथल्या पोराने विचारलं, "मेन नंबर कोणता?" मी सांगितला. त्याने तोच ई-सिम करून टाकला आणि "झालं काका" म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली.

मेन नंबर म्हणजे ज्यावर बँक, यूपीआय, जीएसटी, सगळ्यांचे ओटीपी येतात तो. आणि सिम बदललं की त्या नंबरवरचे एसएमएस 24 तास बंद राहतात, येणारेही आणि जाणारेही. प्लास्टिकचं सिम ई-सिम केलं तरी ते सिम बदलणंच. नियम बरोबर आहे, त्यावर माझा राग नाही. कोणी तुमच्या नावाचं सिम चोरून काढलं तर त्याला लगेच ओटीपी मागवून खातं साफ करता येऊ नये, म्हणून ती सोय आहे. पण ज्याच्या काउंटरवर हे काम दिवसभर चालतं, त्याने एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत होती? "काका, उद्यापर्यंत मेसेज बंद राहतील, चालेल ना?" बस. मी दुसरा नंबर ई-सिम करायला सांगितला असता.

आता यूपीआय नव्या फोनवर चालू करायचं म्हणजे ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवायला लावतं. हे सिम याच फोनमध्ये आहे का, त्याची ती पडताळणी असते. एसएमएसच बंद, तर पडताळणी कुठून होणार? स्क्रीनवर नुसतं लाल अक्षरात "व्हेरिफिकेशन फेल". कारण लिहिलेलं नाही. मी गेलो बँकेत. शाखेतले साहेब म्हणाले, "खातं चालू आहे, नंबर लिंक आहे, आमच्याकडून सगळं बरोबर दाखवून राहिलं. ॲपवाल्यांना विचारा." ॲपच्या चॅटवर उत्तर आलं, कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधा. परत मोबाइल कंपनीत. "नेटवर्क फुल आहे न काका, कॉल लागून राहिला, मग आमचा काय प्रॉब्लेम?" तिघंही आपापल्या खुर्चीत बरोबर, अन् मी नागपुरात बर्डीच्या उन्हात. कळस म्हणजे बँकेतल्या एका मॅडमनी मला मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म हातात दिला. म्हटलं, मॅडम, नंबर तोच आहे, बदललाच नाही. तर म्हणाल्या, "तरी भरून ठेवा." तो फॉर्म मी भरला नाही, एवढी बुद्धी शाबूत होती.

एसएमएस सुरू झाले तरी गाडी पुढे सरकेना. आयफोनमध्ये ॲपला परस्पर एसएमएस पाठवता येत नाही. मेसेजची खिडकी उघडते, आत अगम्य अक्षरं भरलेली असतात आणि पाठवायचं बटण आपण दाबायचं असतं. त्या खिडकीत वरच्या बाजूला कोणत्या नंबरवरून जातंय ते बारीक अक्षरात असतं. माझा जात होता घरच्या नंबरवरून. परत फेल. हे मला ना बँकेने सांगितलं, ना हेल्पलाइनने. सांगितलं भाच्याने, जेवता जेवता, एका हाताने.

आणि सगळं जुळल्यावर शेवटचा दणका: नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की सुरुवातीला 5,000 रुपयांच्या वर पाठवता येत नाही. अँड्रॉइडला ही अट 24 तासांची, आयफोनला मात्र बऱ्याच बँकांमध्ये 72 तासांची. (तुमच्या बँकेचं त्यांनाच विचारा, प्रत्येकीचं थोडं वेगळं असू शकतं. आणि शाखेत विचारू नका, त्यांच्या साइटवर लिहिलेलं असतं ते वाचा.) मांडव बांधणारी पोरं, फुलवाला, जनरेटरवाला, सगळ्यांचे पैसे याच आठवड्यात. पोरांचं मी चेक वटवून भागवलं, फुलवाला ओळखीचा. जनरेटरवाल्याने मात्र ॲडव्हान्स आला नाही म्हणून मशीन दुसऱ्या पार्टीला देऊन टाकली, आणि ऐनवेळी मला चढ्या भाड्याने बाहेरून आणावी लागली. फोनवर मिळालेली सगळी सूट त्यात गेली.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर अँड्रॉइडवरच राहिलो असतो. कंपनीवर प्रेम आहे म्हणून नाही, तुमचा धंदा तुम्ही एकट्या सांभाळता म्हणून. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना व्हॉट्सॲपचा गूगल बॅकअप सरळ उतरतो, सिमं या खणातून त्या खणात जातात, आणि यूपीआयची अडचण झालीच तर एका दिवसाची. फक्त घेताना सिमचे खण दोन आहेत का ते बघा, आणि किती वर्षं अपडेट देणार ते विचारा. सॅमसंगने एस24 पासून आणि गूगलने पिक्सेल 8 पासून 7 वर्षांचं वचन दिलंय, पण ते महागाच्या मॉडेलांना. स्वस्तातल्याला तेवढं मिळेल असं धरून चालू नका.

भावाचं म्हणणंही चूक नाही. आयफोन टिकतो. 2018 चा आयफोन एक्सएस 2024 च्या आयओएस 18 या अपडेटपर्यंत चालला, आणि विकायला गेलात तर भावही बरा येतो. पाच वर्षं फोन वापरणाऱ्याला हा हिशेब लागू पडतो. मात्र त्याने निळ्या-हिरव्या मेसेजचं (आयफोनवाल्यांचे आपसातले मेसेज निळे, अँड्रॉइडवाल्याचे हिरवे दिसतात) काही सांगितलं असेल तर सोडून द्या. ते अमेरिकेतल्या पोरांचं दुखणं. आपल्याकडे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत सगळं व्हॉट्सॲपवरच चालतं.

आणि आयफोनच घ्यायचा ठरला, तर बँकेचा नंबर प्लास्टिकच्या सिमवरच राहू द्या आणि दुसरा ई-सिम करा. पुढे फोन पडला-बिघडला तर ते सिम काढून घरातल्या कोणत्याही फोनमध्ये घालता येतं, हा फायदा वेगळाच. हे काम फोन बदलायच्या दिवशी करू नका. काउंटरवर नंबर कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका, "मेन" हा शब्द तर मुळीच काढू नका. घरात आणखी कोणाच्या फोनवर यूपीआय चालू आहे ना ते बघा, आणि थोडी रोख जवळ ठेवा. गणपती, दिवाळी, नाताळ हे तुमचे केकचे दिवस. त्यांच्या तोंडावर तर नकोच.

व्हॉट्सॲपचं मात्र नीट ऐका, कारण दुकानातली पोरं इथे घाई करतात. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. त्यासाठी अँड्रॉइडवर "मूव्ह टू आयओएस" हे ॲप लागतं आणि आयफोन कोरा, म्हणजे सेटअप न केलेला असावा लागतो. नंबर तोच, दोन्ही फोन एकाच वायफायवर आणि दोन्ही चार्जिंगला. दुकानातल्या पोराने माझ्या फोनवर "हॅलो"पासून सगळं पटापट पुढे ढकलून "घ्या काका, तयार" करून ठेवलं होतं. घरी येऊन भाच्याने तो सगळा पुसून पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि मी जुन्या फोनची वायर अंगठ्याने दाबून बसलो होतो, पट्टी शंभर टक्के होईपर्यंत. चॅट आले, फोटो आले. ते काम झाल्यावर सगळ्या जुन्या ऑर्डरी उघडून बघा आणि मगच जुना फोन कोरा करा. एक्सचेंजच्या लोभाने तो दुकानातच देऊन येऊ नका. हजार-दोन हजार कमी मिळाले तरी महिनाभर कपाटात राहू द्या.

अन् ॲपलचं खातं दुकानातल्या पोराला त्याच्या मेलवर काढू देऊ नका. "नंतर बदलून घ्या" म्हणतात. नंतर तो पोरगा दुकान सोडून जातो, पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, आणि फोन रिसेट केला की कुलूप लागतं. मग पक्कं बिल घेऊन ॲपलला पटवत बसा.

बर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत जुना आयफोन बघायचा विचार असेल तर घेऊ नका असं मी म्हणणार नाही, तिथे चांगले फोनही मिळतात. पण *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढा, KYM लिहून जागा सोडून तो नंबर टाका आणि 14422 वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे बॅटरी किंवा स्क्रीन बदललेली असेल तर बऱ्याच मॉडेलांत तसं लिहून येतं. दुकानदार "ओरिजिनल आहे" म्हणत असला तरी आधी ते पान उघडायला लावा.

उन्हाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. ॲपल स्वतःच म्हणते की फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. आपला मे महिना 45 च्या पुढे जातो. डिलिव्हरीला जाताना स्कूटरच्या हँडलवर फोन लावलात तर नकाशा मध्येच बंद होऊन थंड होऊ द्या अशी पाटी येते. माझा असा कितीदा बंद पडलाय. अँड्रॉइडही तापतातच, त्यात कोणी पुण्यवान नाही. कव्हर काढा, सावलीत ठेवा, कूलरसमोर चालेल पण पाण्याचे तुषार उडत नाहीत ना ते बघा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत ओल धरते.

आणि मराठी टायपिंग? दोन्हीकडे होतं, पण सवयीचा भाग आहे. दुकानात उभ्या उभ्या "बुधवारी अर्धा किलो, अंडं नको" एवढं वाक्य दोन्ही फोनवर टाइप करून बघा. ज्यावर वैताग येईल तो घेऊ नका.

मी कोणत्या कंपनीचा माणूस नाही, आणि बँकांचे नियम मध्येच बदलतात, तेव्हा माझ्या शब्दावर आकडे धरून बसू नका. तुम्ही आधी एवढं बघून सांगा: केकचे पैसे ज्या खात्यात येतात ते कोणत्या नंबरला जोडलंय, घरच्या की धंद्याच्या? आणि व्हॉट्सॲप साधं आहे की बिझनेसवालं? ते कळलं की पुढचं सांगता येईल.