शेजारी देशांनी मिळून शांतिसेना आधीच सज्ज ठेवणे म्हणजे काय? दक्षिण आशियात ते जमेल का?

मी लष्करातला नाही. तुर्भ्याच्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात शेजारी कारखान्यांची आपसांत जी ‘म्युच्युअल एड’ म्हणजे परस्पर मदतीची व्यवस्था असे, तिची रचना मात्र आपण विचारता तशीच होती : एकाकडे आग लागली तर बंब कोणाचा, फोम कोणाचा आणि माणसे किती, हे आधीच लिहून ठेवलेले असे. एका मॉक ड्रिलमध्ये शेजाऱ्यांचा बंब अकरा मिनिटांत आमच्या गेटवर हजर झाला, पण त्यांच्या होजचे कपलिंग, म्हणजे पाइपाचा जोड, आमच्या हायड्रंटच्या नळाला बसेना, आणि अॅडॉप्टर सापडेपर्यंत त्याहून अधिक वेळ गेला. पुढे फोमच्या ड्रमांचे पैसे कोणी भरायचे यावर दोन महिने पत्रापत्री चालली ती वेगळीच.

या कल्पनेचा सर्वांत मोठा प्रयोग आफ्रिकेत झाला. रवांडात 1994 साली लाखो माणसे मारली जात असताना बाहेरचे जग पाहत राहिले, हा अनुभव ताजा असताना आफ्रिकी महासंघाने जुलै 2002 मध्ये डर्बन येथे एक करार स्वीकारला आणि त्यात सज्ज दलाची तरतूद केली; पुढे खंडाच्या पाच विभागांसाठी पाच दले ठरली. हे सैनिक कोठल्याही एका छावणीत बसून नसतात. ते आपापल्या देशातच राहतात, आणि हाक येताच निघायचे असे वचन त्या त्या देशाने दिलेले असते. नरसंहारासारख्या प्रसंगी 14 दिवसांत पोहोचावे, असे उद्दिष्ट ठेवलेले होते.

प्रत्यक्षात माशी शिंकली ती वाहतुकीत आणि पैशात. 2012 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशाचा उत्तर भाग सशस्त्र गटांच्या ताब्यात गेला, डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने आफ्रिकी फौजेला मंजुरी दिली, आणि ती फौज उभी राहण्याआधीच जानेवारी 2013 मध्ये फ्रान्सला उतरावे लागले. सैनिक कमी होते म्हणून नव्हे, तर अवजड सामान वाहणारी विमाने, तळ आणि खर्चाची हमी यांची तयारी नव्हती म्हणून. सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर 2023 मधल्या ठराव 2719 ने अशा मोहिमांच्या खर्चापैकी 75 टक्क्यांपर्यंतचा वाटा, प्रत्येक प्रसंग तपासून, संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतून देण्याची वाट मोकळी केली. आमच्या ड्रमांच्या बिलाला एवढी वर्षे लागली नाहीत, एवढेच समाधान.

गांबियात मात्र काम झाले. निवडणूक हरलेले तिथले राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह खुर्ची सोडेनात, तेव्हा जानेवारी 2017 मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांची फौज सेनेगलच्या पुढाकाराने सीमा ओलांडून आत गेली आणि दोनच दिवसांत जामेह देश सोडून गेले. त्याचे कारण साधे होते : गांबियाला समुद्राची बाजू सोडली तर चहूकडून सेनेगलच आहे आणि पुढे कोणी व्हायचे यावर वाद नव्हता.

दक्षिण आशियाचे दुखणे नेमके येथे आहे. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तान हे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांना सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांत मोडतात, तेव्हा अनुभवाची वानवा मुळीच नाही. परंतु सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेनुसार निर्णय एकमताने व्हावे लागतात आणि द्विपक्षीय वा वादग्रस्त विषय चर्चेला घेताच येत नाहीत. मग तैनातीचा हुकूम द्यायचा कोणी? शिवाय भारतासारखा आकाराने एवढा मोठा शेजारी तटस्थ आहे, हे कोणाला पटणार? 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेला शेवटी तिथल्या तमिळांच्या सशस्त्र संघटनेशीच, एलटीटीईशी, लढावे लागले, आणि तिचे अकराशेहून अधिक जवान तेथे कामी आले.

त्यामुळे सशस्त्र दल नजीकच्या काळात जमेल असे मला वाटत नाही. आपत्तीच्या मदतीपुरते मात्र पाऊल पडलेले आहे : सार्क देशांनी 2011 मध्ये नैसर्गिक आपत्तीत तातडीने मदत करण्याचा करार केला. तरीही एप्रिल 2015 मध्ये नेपाळचा भूकंप झाला तेव्हा भारताची पथके काही तासांत काठमांडूला पोहोचली ती दोन देशांमधल्या संबंधांवर. त्या करारावर नव्हे.