इचलकरंजीचा माग आणि बोरोसचं एक सत्र

तुझा प्रश्न दोनदा वाचला. टेक्स्टाइल डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेजकडून स्वीडनच्या बोरोसला एका सत्रासाठी एक्स्चेंजवर जायची संधी आली आहे. घरचे इचलकरंजीत लूम आहेत आणि बाबा म्हणतात, "माग घरात असताना तिकडं जाऊन काय शिकणार?" मग जावं का, आणि सत्र वाया तर जाणार नाही ना, हा तुझा प्रश्न. मी कोल्हापूरची, काका इचलकरंजीत जॉबर, म्हणजे माग लावून देणारे. मीही असंच एक सत्र बोरोसला होते, आता डॉबी आणि जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागांच्या कारखान्यांसाठी डिझाइन करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना उडवून लावू नकोस. आपल्याकडं कॉलेजात आपण ग्राफपेपरवर, फार तर सॉफ्टवेअरवर डिझाइन काढतो. विणतं दुसरंच कुणीतरी. वहिफणीवाला धागे भरतो, जॉबर माग लावतो, कामगार चालवतो आणि त्याची मजुरी ठरते पिकावर, म्हणजे टाकलेल्या आडव्या धाग्यांवर. मी बारा वर्षं सुट्टीत काकांकडं जायचे, कारखान्याचा खडखडाट कानात बसलेला, पण पिक बदलला की कापडाचा हात, म्हणजे स्पर्श, कसा बदलतो हे मला बोटांनी ठाऊक नव्हतं. ते बोरोसला कळलं, कारण तिथं डिझाइन करणाऱ्यानंच मागावर बसायचं असतं. टीसी२ नावाचा डिजिटल जॅकार्ड हातमाग असतो. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, प्रत्येक धागा हवेच्या ओढीनं सुटा उचलला जातो, धोटा मात्र आपण हातानं टाकायचा. पडद्यावर काढलेली नक्षी तासाभरात बोटांखाली येते, आणि पडद्यावर सुंदर दिसलेला लांब फ्लोट (मध्ये न अडकता वरून जाणारा धागा) कापडावर कसा लोंबतो तेही लगेच दिसतं.

गावही आपल्याला परकं वाटत नाही. १६२१ साली फिरत्या विक्रेत्यांसाठी वसवलेलं शहर, तिथलं विणकामाचं शिक्षण १८६६ पासूनचं. टेक्स्टाइल स्कूल आणि वस्त्रसंग्रहालय आहे ते सिमन्सलांड भागात, जुन्या कृत्रिम रेशमाच्या कारखान्याच्या जागेत. शेजारून विस्कान नदी वाहते. रंगखात्यांच्या सांडपाण्यानं तिच्या तळाच्या गाळात साठलेलं विष अजून निस्तरायचं आहे, हे तिथं ऐकलं तेव्हा मला शिरोळच्या बाजूची पंचगंगा आठवली आणि पोटात कालवलं. रंगाई-छपाईचा कोर्स घेतलास तर हा प्रश्न मनात ठेवून घे.

आता मला जे सांगायचंय ते हे. पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेनं प्रत्येकाला आपल्या भागातलं एक कापड आणायला सांगितलं. मी थंडीसाठी नेलेली घोंगडी घेऊन गेले, हुपरीजवळच्या पट्टणकोडोलीत घेतलेली. तिनं टेबलावर पसरली, कड दोन बोटांत धरून चोळली, वास घेतला आणि विचारलं, "हा कडकपणा कशाचा?" मी गप्प. ताण्याला सूत एकेरी की दुहेरी? गप्प. इंचाला किती धागे? तेव्हा भिंग लावून मोजायला बसले. माझ्या घरापासून तासाभरावर विणलेली वस्तू, आणि मला तिच्याबद्दल एक वाक्य बोलता येईना. रात्री काकांना फोन लावला. ते दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून पट्टणकोडोलीला गेले आणि एका विणकर मामांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला: चिंचोके भाजायचे, टरफल काढून वाटायचे, खळ शिजवायची आणि ताणा लांब ताणून कुंच्यानं एकाच दिशेनं फिरवायची. मी लॅबमध्ये खळीशिवाय एकेरी लोकर ताण्याला लावून पाहिली. ताणा उघडला की शेजारचे धागे एकमेकांना धरून बसायचे, दहा धोटे टाकले की एक तुटायचा. मग लॅबमधली सीएमसी नावाची तयार खळ लावली आणि ताणा मोकळा उघडला. सायझिंगचा, म्हणजे ताण्याला खळ लावण्याचा, पाठ मी परीक्षेत पाठ करून लिहिला होता, गं. समजला तो त्या दिवशी.

म्हणून जायच्या आधी महिनाभर घरच्या मागाजवळ बस. धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी भरायला शीक, तुटलेला धागा जोडायला शीक, बाबांना विचार की या कापडाला हाच रीड-पिक (उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी) का. त्यांचाही विरोध बहुतेक तिथंच निवळेल. इरकल साडीचा पदर कोंडी लावून, म्हणजे धाग्यांचे फासे एकमेकांत अडकवून, अंगाशी जोडतात, तो जोड एकदा डोळ्यांनी बघ. बरोबर पाच-सहा तयार कापडं ने. कच्ची लोकर मात्र बॅगेत घालू नकोस, प्राणिजन्य मालावर युरोपात निर्बंध आहेत. पोर्टफोलिओत तयार साड्यांच्या फोटोंपेक्षा फसलेले नमुने आणि शेजारी लिहिलेली कारणं जास्त ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. दोन्ही संस्थांचा करार असेल तर तिथली ट्यूशन फी लागत नाही, राहणं-खाणं-विमान आपलं. इरॅस्मस ही युरोपीय शिष्यवृत्ती तुमच्या करारात बसते का, हे आधी विचार. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हणून रेसिडेन्स परमिट लागतं, खर्चाचे पैसे खात्यावर दाखवावे लागतात. प्रवेशपत्र हातात आलं की त्याच दिवशी अर्ज कर. एका सत्रासाठी जाणाऱ्याला तिथला पर्सननुमर (ओळख क्रमांक) मिळत नाही, त्यामुळं बँक खातं उघडणं अवघड आणि स्विश या मोबाइल अॅपवरून पैसे देता येत नाहीत. रोख कुणी फारसं घेत नाही, म्हणून दोन कार्डं ने. वसतिगृहाची खोली सगळ्यात आधी.

सत्र वाया जातं का, तर लर्निंग अॅग्रीमेंट (कुठले कोर्स घेणार आणि ते इथं धरले जाणार, याचा करार) नीट असेल तर नाही. पूर्ण सत्र म्हणजे ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट. माझा एक कोर्स तिथं गेल्यावर बदलला आणि बदललेल्या कागदावर मी माझ्या कॉलेजची सही घेतली नाही. परत आल्यावर तो धरला गेला नाही, एक पेपर पुन्हा द्यावा लागला. रडले होते तेव्हा. तू बदल झाला त्याच दिवशी मेल कर आणि सही मिळेपर्यंत पाठ सोडू नकोस.

ऑगस्टअखेरीच्या सत्राला गेलीस तर नोव्हेंबरअखेर चारच्या आत सूर्य मावळतो, मन खचतं. संध्याकाळी खोलीत बसू नकोस, मागावर जा. कांदा-लसूण चटणी घट्ट डब्यात ने. शिक्षकांना नावानं हाक मारायची सवय व्हायला मला महिना लागला, तुलाही लागेल.

येत्या रविवारी पट्टणकोडोलीला जाऊन ये. मामांना खळीबद्दल विचार, ते तासभर सांगतील, आणि ताण्याला हात लावून बघायचा असेल तर नाही म्हणणार नाहीत. तिथं काय दिसलं ते इथं लिही, मग पोर्टफोलिओची पानं आपण मिळून लावू.