आजीच्या ओव्या आणि मामांचा टेपरेकॉर्डर

प्रश्न : काका, माझी आजी जात्यावर बसून ओव्या म्हणायची. मामाने १९८९ साली त्या टेप करून ठेवल्या होत्या, ९० मिनिटांची कॅसेट आहे. आजी जाऊन बावीस वर्षं झाली. परवा शेजाऱ्यांच्या टेपवर लावली तर किंचाळल्यासारखा आवाज आला आणि फीत आत गुंतली. ओढून काढली, थोडी चुरगळलीय. कॅसेटचं थेट एमपीथ्री करणारं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं. मागवू का? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ताई, मागवू नका. आणि खाली सांगितलेली दुरुस्ती होईपर्यंत ती कॅसेट दुसऱ्या कुठल्याही टेपमध्ये घालू नका.

फीत गुंतली त्यात कॅसेटचा दोष कमी. टेपमधला रबरी पट्टा जुना होऊन सैल पडला की उजवं चाक फीत गुंडाळून घेत नाही, रोलर मात्र ती पुढे ढकलतच राहतो. मग ती आत गोळा होते. शिवाय ९० मिनिटांच्या कॅसेटमधली फीत ६० वालीपेक्षा पातळ असते, ती लवकर चुरगळते. सहा कोनांची पेन्सिल चाकात घालून सैल फीत हळूहळू आत घ्या. चुरगळलेला भाग बोटाच्या पेराने सपाट करा, चिमटीत धरून ओढू नका. किंचाळणं आतल्या घर्षणाचं असतं. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर दोन्ही चाकं फितीसकट उचलून दुसऱ्या चांगल्या डबीत बसवता येतात. मी तीस वर्षं टेप दुरुस्त केले, निम्म्या कॅसेट एवढ्यावरच बोलायला लागायच्या. मागच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या शाबूत असतील तर आजच मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आजीचा आवाज पुसला जाणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मामांचा तो टेपरेकॉर्डर माळ्यावर आहे का, विचारा. प्रत्येक टेपचं हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणारा भाग, केसभर वेगळ्या कोनात बसलेलं असतं. ज्या यंत्रावर आवाज भरला, त्याच यंत्रावर तो सगळ्यात स्वच्छ वाजतो. दुसऱ्यावर वाजवला की घोंगडीआडून आल्यासारखा येतो. मामांचा टेप मिळाला तर पट्टा नवा घाला, हेड आणि रोलर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. नाहीच मिळाला तर चांगल्या डेकवर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवत राहायचं. आजीच्या तोंडचा ‘स’ सुटा ऐकू आला की थांबायचं. स्वस्तातल्या त्या यंत्रांची मोटर एका वेगाने फिरत नाही, सूर हेलकावे खातो. ओवीत तो हेलकावा लगेच कळतो.

टेपच्या लाइन आउटमधून वायर कॉम्प्युटरच्या लाइन इनला जोडा, माइकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मूळ प्रत वेव्ह फाइलमध्येच, म्हणजे आवाज न आक्रसता साठवणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा, ९० मिनिटांना साधारण ९५० एमबी लागतील. नातेवाइकांना पाठवायला वेगळी एमपीथ्री करा.

खरखर काढायच्या मागे लागू नका, हे मी कळवळून सांगतो. माझ्या वडिलांच्या भजनाची कॅसेट मी एका दुकानात दिली होती. त्यांनी आवाज ‘साफ’ करून दिला आणि टाळांची किणकिण त्यात गेली. मूळ कॅसेट परत मागितली तर ती टाकून दिली होती. तुमच्या कॅसेटमध्ये जात्याची घरघर असेल. आजी त्या घरघरीच्या लयीवर गात होती. ती राहू द्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या अनेक आज ऑनलाइन वाचायला-ऐकायला मिळतात. तिथे प्रत्येक ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव आहे. तुम्हीही आई आणि मामांना शेजारी बसवून एकेक ओवी ऐका आणि वहीत उतरवा. मध्येच कुणाचं नाव आलं, कुठला शब्द अडला, तर तो आत्ताच विचारून घ्या. आणि मामांचा टेप सापडला की मला जरूर कळवा, पट्टा कोणत्या मापाचा लागेल ते सांगेन.