एंडोस्कोपी नॉर्मल आली तरी घास अडकतोय, पुढे काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वर्ष होत आलं, घास छातीत अडकतो, कधीकधी पाणीसुद्धा उतरत नाही, एंडोस्कोपी नॉर्मल आली आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू ठेवा. मला अकॅलेशिया आहे, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप गिळताना सैल व्हायला पाहिजे ती होत नाही आणि घास खाली ढकलणारी नलिकेची हालचालही नीट होत नाही. हे नाव कळायला मला काही वर्षं लागली आणि पहिली एंडोस्कोपी माझीही नॉर्मलच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

नॉर्मल एंडोस्कोपी ही चांगलीच बातमी आहे, जखम, गाठ असं काही दिसलं नाही म्हणजे मोठी भीती बरीच कमी झाली. पण त्यात आतलं अस्तर दिसतं, गिळताना स्नायू काम कसं करतात ते कळत नाही. दार चांगलं दिसतं म्हणून ते उघडतंच असं नसतं ना, तसंच. सुरुवातीच्या अकॅलेशियात दुर्बीण थोड्याशा दाबाने झडपेतून आत जाते आणि रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं जातं.

आता तुमचा रिपोर्ट काढा आणि बायोप्सी, म्हणजे तपासायला आतल्या अस्तराचे बारीक तुकडे, घेतली होती का ते बघा. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस नावाचा आजार असतो, ॲलर्जीशी संबंधित, त्यात नलिका वरून अगदी साधी दिसू शकते आणि निदान बायोप्सीवरच होतं, तेही वेगवेगळ्या उंचीवरून किमान 6 तुकडे घ्यावेत असं सांगतात. तुकडेच घेतले नसतील तर तो आजार नाही असं कुणीच म्हणू शकत नाही.

डॉक्टरांना नुसतं गिळायला त्रास होतो एवढंच सांगू नका. फक्त घट्ट अडकतं आणि हळूहळू वाढत गेलं, तर नलिका कुठेतरी अरुंद झाली असण्याची शक्यता जास्त. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासूनच अडकतं, तर हालचालीचा दोष असू शकतो, तुमचं पाण्याचं वाचून मला तेच वाटलं. गिळताक्षणी ठसका लागतो किंवा पाणी नाकातून येतं, तर प्रश्न घशाचा, कधी मेंदू किंवा नसांचा, त्याच्या तपासण्या वेगळ्या. रात्री आडवं झाल्यावर न पचलेलं अन्न तोंडात येतं का, आणि त्याला आंबट चव असते की नसते, हेही सांगा. माझ्या बाबतीत चव अजिबात आंबट नसायची आणि हे नवीन डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं तेव्हाच गाडी पुढे सरकली. आणखी एक, अडकल्यासारखं गळ्याशी वाटलं तरी अडथळा पार खाली असू शकतो, त्यामुळे बोट दाखवाल त्या जागेवर फार विसंबू नका.

पुढच्या तपासण्या म्हणजे बेरियम स्वॉलो (एक्सरेत दिसणारं बेरियमचं पातळ औषध पिऊन काढलेले एक्सरे) आणि मॅनोमेट्री (गिळताना नलिकेतला दाब मोजणं). टाइम्ड बेरियममध्ये उभं राहून बेरियम प्यायचं आणि 1, 2 आणि 5 मिनिटांनी एक्सरे काढतात, किती खाली उतरलं ते सरळ दिसतं. मॅनोमेट्रीची लोकांना भीती वाटते म्हणून खरं सांगते, नाकातून बारीक नळी घालतात, ती घशातून जाताना उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतं, पण ते थोडाच वेळ. मग सिरिंजने 5 मिलि पाणी तोंडात देतात, एकदाच गिळायचं आणि मग काही वेळ थुंकीही गिळायची नाही, मला नळीपेक्षा हेच अवघड गेलं. प्रत्येक घोटाचा दाब स्क्रीनवर रंगात उमटतो आणि झडप सैल झाली की नाही ते आकड्यांत येतं. टेन्शन आहे की आजार, हा वाद त्या आकड्यांसमोर संपतो.

टेन्शनने घशात गोळा असल्यासारखं वाटतं हे खरं आहे, पण तो गोळा बहुतेक वेळा जेवण नसताना जाणवतो आणि खाताना उलट बरं वाटतं. तुमचं नेमकं खातानाच होतंय, म्हणून गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टना थेट विचारा की मॅनोमेट्री करायची का, आणि नको असेल तर का नको. अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, त्यांनी नलिकेची हालचाल बिघडते.

अकॅलेशियाच निघाला तर उपाय आहेत, फुग्याने झडप ताणणं, हेलर मायोटॉमी म्हणजे झडपेचा स्नायू कापायचं ऑपरेशन, किंवा तोंडातून एंडोस्कोपनेच स्नायू कापायची पोएम, जी 2008 साली जपानमध्ये पहिल्यांदा माणसावर झाली. नलिकेची हालचाल यातल्या कशानेच पूर्ववत होत नाही, पण अन्न उतरायला लागतं, आणि आम्हा लोकांना तेवढं खूप असतं.

तोपर्यंत ताठ बसून लहान घास, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, गोळ्या भरपूर पाण्यासोबत, आणि कुठलीही गोळी कुटून घ्यायच्या आधी विचारा कारण काही गोळ्या तशा घेता येत नाहीत. वजन लिहून ठेवा, ते उतरत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि घास अडकून थुंकीसुद्धा गिळता येत नसेल तर वरून पाणी किंवा दुसरा घास ढकलू नका, सरळ इमर्जन्सीत जा, रात्र असली तरी.