कॅलेंडर बदलायचंय? आधी वाराचं काय ते बघा

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. नेटवर वाचलं की असं कॅलेंडर करता येतं ज्यात दरवर्षी त्या त्या तारखेला तोच वार येतो आणि ते सगळ्या जगाला चालेल. आम्ही मित्र मिळून सह्यांची मोहीम काढून युनोला पाठवणार आहोत. जमेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: सह्या घ्या की, कोण अडवतंय. पण युनोचं दार आपल्याच देशानं आधी ठोठावून झालंय. 1953 साली भारत सरकारनंच हा विषय तिथं नेला, त्यामागं शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते आणि 1954 ला ते त्यासाठी जिनिव्हालाही गेले. तुम्ही वाचलं ते बहुतेक ‘वर्ल्ड कॅलेंडर’ असणार, एलिझाबेथ अकेलिस नावाच्या अमेरिकन बाईंनी 1930 पासून लावून धरलेलं. 364 दिवस म्हणजे बरोब्बर 52 आठवडे, दर तिमाही 91 दिवसांची, तिचा पहिला महिना 31 चा आणि पुढचे दोन 30 चे, एक जानेवारीला कायम रविवार. मग जो 365 वा दिवस उरतो त्याला वारच द्यायचा नाही! डिसेंबर संपला की बिनवाराची एक सुट्टी, लीप वर्षात जूननंतर अजून एक.

गाडं अडलं ते इथंच. समजा डिसेंबरात शनिवार झाला, मग बिनवाराचा दिवस, मग रविवार. आता जो माणूस सात दिवसांची मोजणी मोडत नाही त्याचा जुम्मा पुढच्या वर्षभर कॅलेंडरातल्या गुरुवारी येणार, त्याच्या पुढच्या वर्षी बुधवारी. शाळेला, ऑफिसला सुट्टी शुक्रवारची आणि नमाज बुधवारी, कसं जमायचं? ज्यूंच्या शनिवारचं तेच, म्हणून त्यांचा विरोध जुनाच होता. 1955 ला अमेरिकेनं पण आपल्या लोकांच्या धर्माचं कारण सांगून अंग काढून घेतलं आणि 1956 ला युनोनं विषय बेमुदत पुढं ढकलला. साहा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले. आपल्याकडं सोमवारी वैजनाथाला जाणाऱ्यांना विचारून बघा, बिनवाराचा दिवस मधे घातला तर चालेल का म्हणून! आणि आठवडी बाजार त्या आठवड्यात आठव्या दिवशी भरणार. पैठणची नाथषष्ठी, माळेगावची जत्रा यांना मात्र काही फरक नाही, त्या तिथीवर चालतात, तारीख कुठलीही येऊ द्या.

म्हणून माझं मत विचाराल तर वाराला हात लावू नका. अमेरिकेतल्या हँके आणि हेन्री या दोन प्राध्यापकांची वेगळी योजना आहे, त्यात वर्ष 364 दिवसांचंच, पण उरलेले दिवस साठवून पाच-सहा वर्षांनी एक अख्खा आठवडा वाढवायचा. आपल्याला हे काही नवीन नाही, अधिक महिना येतो तेव्हा कुणी कटकट करतं का, जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतो. (त्या जादा आठवड्याचा पगार कोण देणार हा प्रश्न राहतोच, आणि पगारदार मंडळी तो पहिला विचारतील.)

आणि युनोपासून सुरुवात कामून करता? कोडॅक कंपनीनं 1928 पासून 1989 पर्यंत आपला हिशोब 28 दिवसांच्या तेरा महिन्यांवर चालवला, बाहेर जग आपलं बारा महिन्यांवरच. कॉलेजच्या फेस्टचं, मेसचं वेळापत्रक आधी नव्या कॅलेंडरवर एक वर्ष चालवा, मग सह्या घेताना दाखवायला हातात काहीतरी राहील.

प्रश्न: सरकारी पत्रावर शके टाकून तारीख असते ती आमच्या पंचांगाशी जुळतच नाही. चूक कुणाची?
– एक वाचक, परभणी

उत्तर: कुणाचीच नाही. ते राष्ट्रीय कॅलेंडर, साहांच्याच समितीचं, 22 मार्च 1957 पासून लागू. त्यात चैत्र दरवर्षी 22 मार्चला सुरू होतो, लीप वर्षात 21 ला, मग पाडवा कधीही असो. समितीत नागपूरचे डॉ. के. एल. दफ्तरी पण होते. तारखा सुटसुटीत, ऋतूला धरून, तरी वापरतं कोण? या तारखेचा चेक बँकेत नियमानं चालतो, लिहून बघा, काउंटरवरचा माणूस एकदा चेककडं आणि एकदा तुमच्याकडं बघेल. इतकं चांगलं काम नुसतं पत्राच्या कोपऱ्यात पडून आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: आजोबांच्या जमिनीच्या उर्दू कागदावर सन 1340 फसली आहे. इंग्रजी साल कोणतं?
– एक वाचक, उदगीर

उत्तर: निजामाच्या राज्यात महसुलाला फसली साल चालायचं, कारण हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, पीक आणि शेतसाऱ्याचा मेळ बसत नाही. म्हणजे कचेरीत फसली, घरात शालिवाहन शके, उरुसाला हिजरी, असं तीन-तीन कॅलेंडरांवर आपली मंडळी आरामात जगत होती. हैदराबादेत फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधला कागद असेल तर 590 मिळवा, त्यानंतरचा असेल तर 591. तुमचा कागद 1930 चा नाहीतर 1931 चा. महिन्याचं नाव बहमन, खुर्दाद, तीर असं इराणी असेल, ते उर्दू वाचणाऱ्याकडून नक्की करून घ्या आणि अर्जात फसली सालही तसंच लिहा.