भात-गव्हाचे जीनोम कधीच झालेत ना, मग पिकांच्या आणि जंगली जातींच्या असेंब्ल्या अजून का सुधारत बसलेत?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की भाताचा जीनोम (पेशीतला सगळा डीएनए, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ) २००५ ला वाचून झाला, गव्हाचा २०१८ ला झाला, तरी दरवर्षी त्याच पिकांच्या नव्या असेंब्ल्या (वाचलेले तुकडे जोडून तयार केलेला जीनोम) येतात, वर ज्यांचं कोणी पीकही घेत नाही अशा जंगली जातींवर पण खर्च होतो, तर हे नक्की चाललंय काय आणि एमएस्सी नंतर यात काम उरलंय का. मी याच कामात आहे, म्हणजे शेतातल्या नाही, कम्प्युटरवरच्या बाजूला, तर जमेल तसं सांगतो.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर, जे वाचायचं राहिलं होतं त्यातलं बरंचसं नेमकं पैदासकाराच्या कामाचं होतं. आता लांबण लावतो.

भाताचा २००५ चा सिक्वेन्स निप्पोनबारे या जपानी वाणाचा. काम एक नंबर होतं, पण ३८९ मेगाबेसपैकी (मेगाबेस म्हणजे दहा लाख अक्षरं) साधारण ९५ टक्केच हाती लागलं होतं. राहिलं काय, तर सेंट्रोमिअर (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं तो भाग), गुणसूत्रांची टोकं, रायबोसोमल डीएनएच्या लांबलचक रांगा. त्याच वाणाची एकही गॅप (न वाचलेली मोकळी जागा) नसलेली असेंब्ली आली २०२३ ला, म्हणजे १८ वर्षांनी, आणि भात हे या धंद्यात सोपं पीक समजतात बरं का. गहू म्हणजे १६ अब्जांच्या आसपास अक्षरं, माणसाच्या पाचपट, त्यात तीन पूर्वजांकडून आलेले ए, बी, डी असे तीन उपजीनोम जे एकमेकांसारखेच दिसतात, आणि साधारण ८५ टक्के भाग नुसत्या रिपीटचा, म्हणजे परत परत येणाऱ्या त्याच मजकुराचा. २०१८ ला चायनीज स्प्रिंग या वाणाची जी असेंब्ली आली ती १४.५ अब्ज अक्षरांची होती, २१ गुणसूत्रांवर एक लाख सात हजारांहून जास्त जनुकं, आणि तरीही आत ढिगाने गॅप होते, म्हणून २०२१ मध्ये ऑप्टिकल मॅप (लांब डीएनएवरच्या खुणांचा नकाशा) आणि लाँग रीड (एका दमात वाचलेले लांब तुकडे) वापरून परत दुरुस्ती केली.

गॅप का राहतात हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. कुठलंही मशीन गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचत नाही, तुकडे वाचतं आणि आपण ते जोडतो. इल्युमिना या मशीनचे तुकडे (शॉर्ट रीड) १०० ते २५० अक्षरांचे, आणि वनस्पतीतला एक रेट्रोट्रान्सपोजॉन (स्वतःच्या कॉप्या करत सुटणारा डीएनएचा तुकडा) सहज आठ-दहा हजार अक्षरांचा, त्याच्या हजारो कॉप्या जीनोमभर पसरलेल्या. एखाद्या लांबलचक गाण्याचे दोन-दोन शब्दांचे कपटे केले तर कडवी कशीबशी लागतील पण पालुपदाचे कपटे कुठल्या कडव्यामागचे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, तसंच. मग सॉफ्टवेअर एकतर तिथे थांबतं, म्हणजे गॅप, नाहीतर पाच कॉप्यांची मिळून एकच करून टाकतं, त्याला कोलॅप्स म्हणतात, आणि माझ्या मते गॅपपेक्षा हे जास्त वाईट कारण गॅप निदान दिसतो तरी.

आणि पैदासकाराला कोलॅप्स सगळ्यात जास्त नडतो कुठे, तर रोगप्रतिकारक जनुकांत! एनएलआर म्हणतात ती जनुकं गुणसूत्रावर घोळक्याने राहतात, एकाशेजारी एक, एकमेकांच्या जवळपास कॉप्या, अधेमधे मोडलेल्या कॉप्या, आणि तांबेरा नाहीतर करप्याला दाद न देणारी एखादीच त्यातली असते. जुन्या शॉर्ट रीडच्या असेंब्लीत तो सगळा भाग म्हणजे खिचडी. पैदासकार मार्कर (जनुक ओळखायची डीएनएतली खूण) बनवायला जातो आणि त्याला जिथे चार जनुकं आहेत तिथे दीडच दिसतं.

लाँग रीड आल्यावर चित्र बदललं. सुरुवातीचे पॅकबायो कंपनीचे रीड लांब होते पण शंभरात दहा-पंधरा अक्षरं चुकीची. २०१९ च्या आसपास त्यांचेच हायफाय रीड आले, १५-२० हजार अक्षरं लांब आणि ९९.९ टक्के अचूक. नॅनोपोर या दुसऱ्या तंत्राचे अल्ट्रा-लाँग रीड तर लाखाच्या वर जातात. बार्लीचं उदाहरण मला फार आवडतं, २०१७ च्या असेंब्लीसाठी ८७ हजारांहून जास्त बॅक क्लोन (डीएनएचे मोठे तुकडे बॅक्टेरियात भरून ठेवलेले) एकेक करून सिक्वेन्स केले, अनेक देशांतल्या लोकांचं वर्षानुवर्षांचं काम, आणि २०२१ मध्ये त्याच मोरेक्स वाणावर हायफाय चालवल्यावर त्याहून चांगली असेंब्ली कितीतरी कमी खटाटोपात मिळाली. जुन्या लोकांना काय वाटलं असेल देव जाणे.

आता जंगली जाती. इथे लोकांचा गैरसमज असतो की एक रेफरन्स (तुलनेसाठीचा प्रमाण जीनोम) झाला की बाकी सगळ्यांचे रीड त्यावर मॅप करायचे, म्हणजे जुळवायचे, फरक बघायचे, झालं. पण रेफरन्समध्ये जे जनुकच नाही ते असं कधीच दिसणार नाही, त्याचे रीड 'मॅप झाले नाहीत' म्हणून कचऱ्यात जातात, नाहीतर भलत्याच ठिकाणी चिकटतात. भाताचं रोप पुरात दोनेक आठवडे बुडून जिवंत राहतं ते सब१ए जनुकामुळे, ते एफआर१३ए या वाणात सापडलं, निप्पोनबारेत ते नाहीच. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळं वाढवणारं पीएसटीओएल१ कासालथ या वाणातलं, तेही निप्पोनबारेत नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात नीट वाचलेल्या पिकाच्या रेफरन्समध्ये ही दोन कामाची जनुकं गैरहजर. टोमॅटोत २०१९ ला ७२५ लागवडीचे आणि जंगली नमुने एकत्र घेऊन पॅनजीनोम (सगळ्या नमुन्यांतली मिळून जनुकं) केला तेव्हा रेफरन्समध्ये नसलेली ४,८७३ जनुकं निघाली. भाताच्या लागवडीच्या वाणांबाबतच हे इतकं खरं असेल तर जंगली भाऊबंदांचं काय विचारता, माणसाने हजारो वर्षं निवड करताना बाहेर टाकलेलं बरंचसं तिकडेच पडून आहे.

आणि हे काही नुसतं उद्यासाठी नाही. भातातला ग्रासी स्टंट या विषाणू रोगाचा प्रतिकार ओरायझा निवारा या जंगली भातातून आला, कडा करप्याचं एक्सए२१ ओरायझा लाँजिस्टॅमिनाटातून. गव्हाच्या बऱ्याच वाणांत एजिलॉप्स व्हेंट्रिकोसा या रानगवताचा तीनेक कोटी अक्षरांचा तुकडा २ए गुणसूत्रावर बसलेला आहे, त्यात तांबेऱ्याची प्रतिकारक जनुकं आहेत. चायनीज स्प्रिंगमध्ये तो तुकडा नाही, त्यामुळे त्याच्यावर कितीही डोकं लावलं तरी त्या भागात काय आहे ते कळणार नव्हतं, २०२० मध्ये जॅगर वगैरे वाणांच्या असेंब्ल्या आल्या तेव्हा तो आख्खा समोर दिसला.

शिवाय एक गोष्ट जी पुस्तकात पटकन सांगून टाकतात पण प्रत्यक्षात पैदासकाराला रडवते ती म्हणजे लिंकेज ड्रॅग. जंगली जातीतून एक चांगलं जनुक आणलं की त्याच्या शेजारचं नको असलेलंही येतं आणि पिढ्यानपिढ्या बॅकक्रॉस (लागवडीच्या वाणाशी परत परत संकर) करूनही सुटत नाही. सूत्रकृमीला प्रतिकार करणारं एमआय जनुक टोमॅटोत आलं सोलॅनम पेरुव्हिएनम या जंगली जातीतून, आणि तिथे गुणसूत्राचा भाग दोघांत उलटा फिरलेला आहे, इन्व्हर्जन, मग तिथे रिकॉम्बिनेशन (दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल) होणार कसं? दोन्ही बाजूंच्या चांगल्या असेंब्ल्या आधीच हातात असतील तर असे उलटे भाग समोरासमोर ठेवून दिसतात आणि पैदासकार दुसरा डोनर (जनुक देणारं झाड) शोधू शकतो, त्यासाठी शेतात पाच-सात वर्षं घालवायची गरज नाही.

मात्र जंगली जातींची असेंब्ली करणं हा वेगळाच ताप आहे. लागवडीचा गहू-भात स्वपरागी, शुद्ध, दोन्ही संच जवळजवळ सारखे. जंगली झाडं बरीचशी परपरागी, आईकडून आलेला संच एक आणि बापाकडून आलेला भलताच वेगळा, सॉफ्टवेअर दोन्ही वेगळे समजून दोनदा ठेवतं आणि असेंब्ली फुगते, मग लोक खुशाल लिहितात की या जातीत जनुकांची ड्युप्लिकेशन झाली. आधी के-मर (रीडमधले ठरावीक लांबीचे छोटे शब्द) मोजून आणि फ्लो सायटोमेट्री (पेशीत डीएनए किती आहे ते मशीनने मोजणं) करून जीनोमच्या आकाराचा अंदाज घ्यायलाच हवा, मगच असेंब्लीचा आकार बरोबर की फुगलेला ते समजतं. हायफायएएसएम सारखं सॉफ्टवेअर आता दोन्ही हॅप्लोटाइप (आईचा आणि बापाचा संच) वेगळे करून देतं, हाय-सी डेटा (पेशीत डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात त्याची माहिती) जोडला तर आणखी चांगले. पण त्याच्याही आधी डीएनए! जंगली पानांत फिनॉल आणि पॉलिसॅकराइड इतकी की डीएनए तपकिरी, चिकट निघतो आणि नॅनोपोरचा फ्लो सेल (मशीनमधला डीएनए वाचणारा भाग) बघता बघता मरतो. कोवळी पानं घ्या, झाड एक-दोन दिवस अंधारात ठेवा म्हणजे स्टार्च कमी होतो, जमलं तर आधी न्यूक्लियस वेगळे करा म्हणजे क्लोरोप्लास्टचा डीएनएही कमी येतो. अर्ध्या असेंब्ल्या लॅबच्या टेबलावरच बिघडतात असं माझं स्पष्ट मत आहे, दोष मात्र बिचाऱ्या सॉफ्टवेअरला.

आणि कृपा करून नुसत्या एन५० वर भुलू नका. एन५० म्हणजे तुकडे किती लांब एवढंच, बरोबर जोडलेत का ते नाही, चुकीचं जोडूनही एन५० वाढतोच. बुस्को (ठरावीक अपेक्षित जनुकं सापडतात का ही चाचणी) ९८ टक्के आला म्हणूनही खूश होऊ नका, ती जनुकं सोपी, एकेकच कॉपी असलेली, ती जुन्या शॉर्ट रीडमध्येही सापडायची. रिपीट नीट जुळलेत का बघायला एलएआय बघा, अक्षरांच्या चुकांसाठी मर्क्युरी या सॉफ्टवेअरचा क्यूव्ही बघा (४० म्हणजे दहा हजारांत एक चूक, ६० म्हणजे दहा लाखांत एक), आणि हाय-सीचा नकाशा स्वतः डोळ्यांनी बघा, कर्णरेषेपासून लांब ठसठशीत डाग दिसला की कुठेतरी तुकडा चुकीच्या जागी बसलाय का ते तपासा. हे कंटाळवाणं काम आहे, कोणी करत नाही, म्हणूनच सांगतोय.

काम उरलंय का? भरपूर. बटाटा, ऊस असली बहुगुणित (गुणसूत्रांचे दोनपेक्षा जास्त संच असलेली) पिकं अजूनही घाम काढतात, कडधान्यांच्या जंगली जातींत तर किती काम पडलंय. पण नवी असेंब्ली काढायला आता बरेच लोक आहेत, अॅनोटेशन (जनुकं कुठे आहेत त्या खुणा करणं) नीट करणारे कमी. दोन जीनोमचं अॅनोटेशन दोन वेगळ्या पाइपलाइनने केलं की 'या जातीत अमुक जनुकं नाहीत' असं दिसतं आणि जाऊन बघितलं तर सिक्वेन्स तिथेच असतो, फक्त त्यावर जनुक म्हणून खूण केलेली नसते. मुळं, पानं, फुलं, भरणारे दाणे, वेगवेगळ्या ताणातली झाडं अशा सगळ्यांचा आरएनए डेटा घेऊन हे साफ करणारा माणूस कुठल्याही ग्रुपला हवाच असतो.

सुरुवात करायची तर भातापासून करा, जीनोम लहान आहे आणि हायफाय डेटा पब्लिक डेटाबेसमध्ये फुकट मिळतो. एक वाण घ्या, हायफायएएसएम चालवा, आणि सब१ चा भाग उघडून निप्पोनबारेशी ताडून बघा. आणि पुढे कधी स्वतःची सुधारित असेंब्ली टाकलीत तर जुन्या जनुकांचे आयडी नव्यात कुठे गेले त्याचा तक्ता सोबत द्या, नाहीतर ज्यांचे मार्कर जुन्या व्हर्जनवर बनलेत ते नवीन फाइल उघडणारसुद्धा नाहीत.