फिरत्या घराचा मुक्काम रत्नागिरीत

प्रश्न : आम्ही विश्रामबाग, सांगली येथे राहतो. डिसेंबरच्या अखेरीस मुलांना सुट्टी असताना कॅरव्हॅन भाड्याने घेऊन पाच दिवस रत्नागिरी आणि आसपासचा परिसर पाहण्याचा विचार आहे. आम्ही दोघे, ११ आणि ७ वर्षांची दोन मुले आणि सासूबाई असे पाच जण आहोत. सासूबाईंना गुडघेदुखीचा त्रास आहे. गाडी रोज नव्या समुद्रकिनाऱ्यावर उभी करावी, म्हणजे हॉटेलही नको आणि सामानाची बांधाबांधही नको, असे यजमानांचे मत आहे. हे जमेल का? पाणी, वीज आणि शौचालय यांची सोय कशी होते? वाटेत घाट आहे, त्याचीही काळजी वाटते.

उत्तर : आपला बेत मनापासून आवडला. सासूबाईंना दर मुक्कामी नवा पलंग, नवा जिना आणि नवे न्हाणीघर पत्करावे लागणार नाही, हा या प्रवासाचा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि कोकणासारख्या चढउताराच्या प्रदेशात तो विशेष जाणवतो. यजमानांच्या एका मताशी मात्र मी सहमत नाही. गाडी रोज हलवू नये. रत्नागिरी शहराच्या जवळपास एकच चांगली जागा निवडून पाचही रात्री तेथेच राहावे, आणि ती जागा समुद्र दिसतो की नाही यावर न ठरवता पाणी कोठून भरता येईल आणि सांडपाणी कोठे सोडता येईल यावर ठरवावी. माझे सगळे सांगणे या एका मुद्द्याभोवती आहे, म्हणून त्याची कारणे सविस्तर देतो.

अशा गाडीत साधारणपणे १०० लिटरच्या आसपास पाणी मावते. ऐकायला ते पुष्कळ वाटते, परंतु पाच माणसांनी एकेक बादली पाण्याने अंघोळ केली की टाकी संपलीच म्हणून समजा. गाडीतील सुटे शौचपात्र बहुधा २० लिटरच्या आसपासचे असते आणि पाच माणसांत ते दीड-दोन दिवसांत भरते. विजेचे गणितही असेच आहे. १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत १२०० वॅट-अवर वीज साठते, पण बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर तिचे आयुष्य टिकवण्यासाठी त्यातील निम्मीच वापरावी, म्हणजे हाताशी ६०० उरतात. २५ वॅटचा पंखा रात्रभर, आठ तास, चालला तरी २०० वॅट-अवर लागतात, म्हणून पंखा, दिवे आणि मोबाइल यांची सोय आरामात होते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र मात्र तेवढ्या विजेवर जेमतेम अर्धा तास चालेल. डिसेंबरात रत्नागिरीच्या रात्री सुखद असल्याने त्याची गरज फारशी भासणार नाही, तरीही ते हवेच असेल तर बाहेरून १५ अँपिअरची, अर्थिंग असलेली जोडणी मिळाली पाहिजे आणि केबल जाड असली पाहिजे.

या तिन्ही गोष्टी उघड्या किनाऱ्यावर मिळत नाहीत. त्या मिळतात एखाद्या घरगुती निवासाच्या किंवा लहान लॉजच्या आवारात, अथवा आगराला, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेला, लागून मोकळी जागा असलेल्या घरी. निघण्यापूर्वी फोनवर स्पष्ट विचारावे : गाडीची उंची नऊ फुटांच्या आसपास आहे, ती फाटकातून आणि विजेच्या तारांखालून आत येईल का, रोज दोन वेळा पाणी भरता येईल का, अंघोळीसाठी घरचे न्हाणीघर मिळेल का, आणि शौचपात्र सेप्टिक टाकीच्या शौचालयात रिकामे करता येईल का. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नये. शौचपात्रात घालायच्या द्रावणात फॉर्माल्डिहाइड असेल तर ते सेप्टिक टाकीतील उपयुक्त जिवाणू मारते, म्हणून तसे नसलेले द्रावण घेऊन जावे आणि ज्यांच्या आवारात उतराल त्यांना ते आधी सांगावे. या सगळ्याचे पैसे मोकळेपणाने ठरवावेत. कोकणात पाऊस धो धो पडत असला तरी कातळावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते आणि तेथील लोकांना पाण्याची किंमत आपल्याइतकीच कळते.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसजवळच्या एका वाडीत मुक्काम असताना मी भांडी घासल्याचे साबणाचे पाणी गाडीखालची तोटी उघडून गडग्याकडेच्या पोफळींच्या बुंध्यात सोडले. झाडांना पाणीच मिळते आहे, अशी माझी समजूत होती. घरच्या आजी बाहेर आल्या आणि एक शब्दही न बोलता पंधरा पावलांवरच्या विहिरीकडे बोट दाखवले. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि त्यातून झिरपलेले पाणी विहिरीत उतरायला वेळ लागत नाही, हे मला त्या क्षणी उमगले. दुसऱ्या दिवशी मी ते पाणी बादल्यांनी भरून त्यांच्या न्हाणीघराच्या शोषखड्ड्यात नेऊन ओतले. तेव्हापासून सांडपाण्याची जागा ठरल्याशिवाय मी मुक्कामाची जागा ठरवत नाही, आणि आपणही ठरवू नये अशी कळकळीची विनंती आहे. खाडीत, ओढ्यात किंवा सुरूच्या बनात मैलापाणी सोडणे हा तर त्या गावाविरुद्ध केलेला अपराधच आहे.

गाडी उभी केल्यावर ती सपाट आहे ना, हे पाहावे. स्टीलच्या ताटात थोडे पाणी घालून ते गाडीच्या जमिनीवर ठेवले की उतार कोणत्या बाजूला आहे हे लगेच दिसते. त्या बाजूच्या चाकापुढे फळी टाकून गाडी हळूच तिच्यावर चढवावी आणि मग चाकांना जांभ्याच्या चिऱ्यांचा अडसर लावावा. उतारावर झोपले की रात्रभर अंग एका बाजूला घसरते, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. पायरी उंच असते, म्हणून घरून एक बळकट पाट न्यावा.

आता रस्ता. सांगलीहून अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी असा सुमारे १८० किलोमीटरचा सरळ मार्ग आहे. डिसेंबरात गळीत हंगाम ऐन भरात असतो. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मलकापूरपर्यंत भेटत राहतील आणि त्यांतील अनेकांना मागे दिवे नसतात. म्हणून रात्री किंवा भल्या पहाटेच्या अंधारात निघू नये. उजाडल्यावर निघून आंबा गावात चहा घ्यावा, गाडीला थोडी विश्रांती द्यावी आणि मग घाट उतरावा. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर धरत नाहीत. पाण्याची टाकी भरून घाटात जाऊ नये, कारण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन आणि तेही वळणावर हेलकावणारे. वाटेपुरते वीस लिटर ठेवावे, बाकी मुक्कामी भरावे.

पाच दिवसांत काय पाहावे, हे आपण विचारलेले नाही, पण गाडी एका जागी राहिली तर पुष्कळ होते हे दाखवण्यासाठी लिहितो. शहरातील जागांसाठी रिक्षा करावी, कारण टिळक आळीसारख्या जुन्या वस्तीत एवढी गाडी नेणे म्हणजे स्वतःला आणि इतरांना त्रास देणे आहे. लोकमान्य टिळकांचे १८५६ मधील जन्मस्थान आणि भागोजीशेठ कीर यांच्या उदारतेतून १९३१ मध्ये सर्व जातींसाठी उभे राहिलेले पतितपावन मंदिर एका सकाळी पाहून होते. थिबा राजवाड्यासाठी मात्र वेळ राखून ठेवावा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणले. हा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजाचे निधन झाले, म्हणजे सुमारे तीस वर्षांच्या बंदिवासातील सहाच वर्षे तो या वास्तूत राहिला. मुलांना हे आधी सांगून ठेवले तर ती वास्तू त्यांच्यासाठी नुसती मोठी इमारत राहणार नाही. तेथून जवळच्या उंचवट्यावरून काजळी नदीचे मुख आणि भाट्याचा पूल दिसतो. संध्याकाळी तेथे सासूबाईंना फारसे न चालता सूर्यास्त पाहता येईल. रत्नदुर्गावर भगवती मंदिरापाशी आणि मिरकरवाडा बंदरावर एकेकदा जावे. बंदरावर सकाळी लवकर गेलात तरच मासळीची खरी धांदल दिसते.

गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटरवर आहे. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जायचे असेल तर दिवसभरासाठी लहान गाडी करावी, कारण चढ तीव्र आहेत आणि वळणे आवळ आहेत. या दोन्ही ठिकाणी समुद्र दिसतो तेवढा शांत नसतो. मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नये. दक्षिणेला पावस, पूर्णगड, गावखडी आणि कशेळी असा दुसरा दिवस सुंदर होतो. कशेळीच्या कनकादित्य मंदिराइतकेच तेथील सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचे, कातळशिल्प पाहण्यासारखे आहे. सुमारे १८ मीटर लांबीच्या हत्तीच्या आकृतीत इतर प्राण्यांची अनेक चित्रे कोरलेली आहेत. कोकणातील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. त्या रेषांवर पाय देऊ नये, हे मुलांना गाडीतून उतरण्यापूर्वीच सांगावे.

प्रश्न : मी कराडचा असून नुकताच निवृत्त झालो आहे. माझ्याकडे जुनी बारा आसनी व्हॅन आहे. तिच्यातील आसने काढून गॅरेजमध्ये पलंग, ओटा आणि गॅस बसवून घ्यावा आणि पत्नीसह कोकण किनारा फिरावा, अशी इच्छा आहे. काही अडचण येईल का?

उत्तर : इच्छा उत्तम आहे, परंतु क्रम उलटा करू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करून परवानगी घ्यावी, बदलाची नोंद करून घ्यावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि नंतरच गॅरेजवाल्याला आसनांना हात लावू द्यावा. नोंद नसलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि निवृत्तीनंतरची पुंजी अशा कारणाने धोक्यात घालणे मला योग्य वाटत नाही.

गॅसबद्दल विशेष जपावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. त्यामुळे वरची खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र हवे आणि तो कप्पा झोपण्याच्या जागेपासून बंदिस्त हवा. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि जाग येण्यापूर्वीच माणूस दगावतो.

एका हंगामासाठी भाड्याची गाडी वापरून पाहावी, असे मी सुचवेन. चालकासह मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी, तर स्वतः चालवण्यासाठी मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर ती घेऊ नये. आपल्याला कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणे सोयीचे पडेल. तेथून महामार्गाने दक्षिणेकडे येताना संगमेश्वराजवळच्या कसब्यातील कर्णेश्वर मंदिरापाशी अवश्य थांबावे. परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने चांगला धुवून घ्यावा, कारण खारी हवा आणि वाळू पत्र्याला फार लवकर गंज चढवतात.

प्रश्न : गाडी थेट पुळणीवर उतरवली तर चालते का? भरतीची वेळ कशी समजते? (एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : उतरवू नये. ओल्या वाळूवर चाक घट्ट बसल्यासारखे वाटते, परंतु गाडी काही वेळ उभी राहिली की चाकाखालची वाळू सरकते आणि भरती चढू लागली की ओढून काढायलाही अवधी मिळत नाही. शिवाय गावखडीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवे अंडी घालण्यासाठी येतात. चाकांनी घरटी चिरडतात आणि गाडीच्या दिव्यांमुळे माद्या अंडी न घालताच परत फिरतात. गाडी सुरूच्या बनामागच्या पक्क्या जागेवर ठेवून, किनाऱ्याकडचे दिवे मालवून चालत जावे.

भरतीसाठी कोकणातला जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती येते आणि ती उधाणाची असते. त्या दोन दिवसांत दुपारी जेवणासाठी चटई अंथरायची असेल तर आदल्या भरतीने सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेच्या बऱ्याच वर, बनाच्या सावलीत अंथरावी.